आठवण खोटी ठरवण्याआधी फाइल उघडा

२६ मे जवळ आला की ऑस्ट्रेलियात एक जुना वाद पुन्हा पेटतो. १९९७ साली याच दिवशी ‘ब्रिंगिंग देम होम’ हा चौकशी अहवाल तिथल्या संसदेत मांडला गेला. आईबापांपासून तोडलेल्या मूलनिवासी मुलांच्या, म्हणजे ‘चोरलेल्या पिढ्यां’च्या, कहाण्या त्यात पहिल्यांदाच सरकारी शिक्क्यानिशी छापल्या गेल्या. तेव्हापासून वाद घालणाऱ्यांच्या दोन फळ्या पडल्या आहेत. एक फळी म्हणते, ज्याने भोगलं त्याच्या शब्दाला प्रश्न विचारणं हीच क्रूरता. दुसरी म्हणते, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींवर इतिहास उभा राहत नसतो. केवळ वंशामुळे उचललेली दहा मुलं नावानिशी दाखवा, मग बोलू. भांडण मोठं दिसतं, पण एका बाबतीत दोघांचं छान जमतं: त्या कहाण्या नीट वाचायची गरज कोणालाच वाटत नाही. पहिले त्यांना हात जोडतात, दुसरे हात झटकतात. माझं म्हणणं असं की या कहाण्या न्यायालयात साक्ष तपासावी तशाच वाचाव्यात. साल, कायदा आणि कागद शेजारी ठेवून वाचाव्यात, उलटतपासणी करत वाचाव्यात. अशा वाचनाला घाबरायचं कारण सांगणाऱ्यांना फारसं नाही. शंका घेणाऱ्यांना मात्र पुष्कळ आहे.

सुरुवात करायची ती मूल कोणत्या राज्यात आणि कोणत्या साली उचललं गेलं इथपासून. ‘ऑस्ट्रेलियाच्या सरकारने मुलं पळवली’ हे वाक्य भाषणाला ठीक, समजून घ्यायला निरुपयोगी. व्हिक्टोरियाचा संरक्षण कायदा १८६९ चा, क्वीन्सलँडचा १८९७ चा, वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचा १९०५ चा, न्यू साउथ वेल्सचा १९०९ चा, नॉर्दर्न टेरिटरीचा अध्यादेश १९१८ चा. प्रत्येकाची यंत्रणा वेगळी. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात ‘मुख्य संरक्षक’ नावाचा अधिकारी सोळा वर्षांखालच्या प्रत्येक मूलनिवासी आणि ‘हाफ-कास्ट’ म्हणजे मिश्र रक्ताच्या मुलाचा कायदेशीर पालक होता. आई जिवंत असो, बाप कमावता असो, त्याने काही फरक पडत नव्हता. न्यू साउथ वेल्समध्ये १९०९ च्या कायद्यानुसार संरक्षण मंडळाला मूल ‘दुर्लक्षित’ असल्याचं आधी मॅजिस्ट्रेटसमोर दाखवावं लागे. मंडळाला ते जाचक वाटलं. १९१५ मध्ये दुरुस्ती होऊन मुलाच्या नैतिक वा शारीरिक हितासाठी मंडळाला योग्य वाटणं एवढंच पुरेसं ठरलं, आणि न्यायालयात जायचंच असेल तर ते आईबापांनी जावं अशी उलटी व्यवस्था झाली. १९४० नंतर पुन्हा बालन्यायालय मधे आलं. म्हणजे एकाच घरातली आजी १९१२ मध्ये, आई १९२५ मध्ये आणि नात १९५० मध्ये नेली गेली असेल, तर तीन कहाण्यांत रडणं सारखंच असेल, पण कायदा तिन्ही वेळा वेगळा. हे ठाऊक नसलेला वाचक ‘पण न्यायालयाचा हुकूम होता ना?’ असं विचारतो आणि त्याला उत्तर देणाराही गांगरतो.

क्वीन्सलँडची गोष्ट आणखी निराळी. तिथे पाम आयलंड किंवा शेर्बर्गसारख्या वसाहतींत मुलांना वसतिगृहात ठेवत आणि आईबाप त्याच वसाहतीत दुसरीकडे राहत. मूल रोज दिसे, पण घरी येत नसे. हे ‘नेलेलं’ मूल मोजायचं की नाही? आकड्यांवरून होणारं अर्धं भांडण या एका प्रश्नात अडकलेलं आहे. अहवालाने १९१० ते १९७० या काळात तिघांमागे एक ते दहांमागे एक मूल सक्तीने वेगळं केलं गेलं असा अंदाज दिला. हा पल्ला फार रुंद आहे, हे मान्यच करायला हवं. तिघांमागे एक आणि दहांमागे एक यांत तिपटीहून अधिक अंतर आहे आणि पहिल्या फळीचे लोक सोयीस्करपणे नेहमी वरचाच आकडा सांगतात. त्यावर २००० साली केंद्र सरकारने सिनेटसमोर मांडलेलं उत्तर मात्र याहून वाईट होतं: दहा टक्क्यांहून अधिक मुलं गेली नाहीत, म्हणून ‘पिढी’ म्हणता येत नाही! दहांतलं एक मूल जाणार हे ज्या वस्तीला माहीत असतं, त्या वस्तीतल्या उरलेल्या नऊ मुलांच्या आया कशा झोपत असतील? गाडीचा आवाज आला की मुलांना झाडीत पिटाळणं, गोऱ्या रंगाच्या लेकरांच्या अंगाला कोळसा फासणं, हे साक्षींत पुन्हा पुन्हा येतं. ती मुलं नेली गेली नाहीत म्हणून कोणत्याही आकड्यात नाहीत.

आठवणींत चुका असतात का? असतात. आणि त्या कुठे सापडणार हेही बहुधा सांगता येतं. वय चुकतं, कारण जन्माची नोंद नसे आणि संस्थेच्या अधीक्षकाने अंदाजाने तारीख लिहून दिलेली असे. नाव जुळत नाही, कारण ते बदललेलं असे. केम्प्सीजवळच्या किंचेला बॉइज होममध्ये १९२४ पासून १९७० पर्यंत मुलं ठेवली जात. तिथे राहिलेले पुरुष सांगतात की त्यांना नावाऐवजी नंबराने हाक मारत. ‘माझी आई मेली’ असं सांगणाऱ्याची आई पुढे जिवंत सापडते, कारण तसं त्याला सांगितलं गेलेलं असतं. एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत हलवलेल्या मुलाच्या डोक्यात दोन इमारतींची मिसळ होते. अशा चुका सापडल्या म्हणून सगळी साक्ष फेकणारा वाचक एक साधी गोष्ट विसरतो. या चुका व्यवस्थेनेच घातलेल्या आहेत. ज्या माणसाचं नाव, जन्मतारीख आणि आईचा ठावठिकाणा या तिन्ही गोष्टी कार्यालयाने बदलल्या किंवा दडवल्या, त्याच्याकडे अचूक नाव, तारीख आणि ठावठिकाणा मागायचा, आणि तो सांगता आला नाही की त्याला खोटा म्हणायचं, हा कुठला न्याय?

मग विश्वास कशावर ठेवायचा? एकट्या माणसाने सांगितलेल्या तारखेवर थोडा कमी. एकमेकांना कधी न भेटलेल्या, वेगवेगळ्या राज्यांतल्या माणसांनी सांगितलेल्या कार्यपद्धतीवर जास्त. चौकशीपुढे ५३५ मूलनिवासी व्यक्तींचे अनुभव आले. आलेली पत्रं मुलाला न देणं, स्वतःची भाषा बोललं की शिक्षा, गोऱ्या कातडीच्या मुलांची वेगळी निवड, चौदाव्या वर्षी मुलींना घरकामाला पाठवणं आणि मजुरीचा मोठा भाग मंडळाच्या खात्यात वळता करणं, हे पुन्हा पुन्हा येत राहतं. ही कटकारस्थानाने रचलेली कथा असेल तर ती रचणाऱ्यांची संघटनशक्ती ऑस्ट्रेलियाच्या टपाल खात्यापेक्षा थोर म्हटली पाहिजे.

इथे दुसऱ्या फळीचा सर्वांत वजनदार मुद्दा येतो आणि तो टाळून पुढे जाणं लबाडीचं होईल. चौकशी आयोगाने साक्षीदारांची उलटतपासणी केली नाही. शिवाय इतिहासकार बेन ॲटवुड यांनी २००१ साली दाखवून दिलं की १९८० नंतर ‘चोरलेल्या पिढ्यां’ची एक सामूहिक कथा घडत गेली आणि माणसं आपली वैयक्तिक आठवण त्या साच्यात सांगू लागली. हे खरंच आहे. आठवणी अशाच घडतात. ही संज्ञा इतिहासकार पीटर रीड यांच्या न्यू साउथ वेल्सबद्दलच्या छोट्या पुस्तिकेतून रूढ झाली, आणि माणसांना माणसं शोधून देणारी ‘लिंक-अप’ ही संस्था १९८० ची. तेव्हा १९९६ मध्ये दिलेल्या साक्षीवर या सगळ्याची छाया असणारच. पण या आक्षेपाला उत्तर द्यायला साक्षीदार लागतच नाहीत. १९१६ ते १९२८ या काळातल्या न्यू साउथ वेल्सच्या मंडळाच्या नोंदवहीत सुमारे ८०० मुलांच्या नोंदी आहेत, मूल ताब्यात घेण्याच्या कारणांसकट. त्या लिहिणाऱ्या कारकुनावर १९८० च्या कुठल्या कथेची छाया पडली होती? १९३७ साली कॅनबेरात केंद्राच्या आणि राज्यांच्या अधिकाऱ्यांची परिषद भरली आणि पूर्ण रक्ताचे नसलेल्या मूलनिवासींचं भवितव्य गोऱ्या समाजात विलीन होण्यातच आहे असा ठराव झाला. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचे ए. ओ. नेव्हिल यांनी त्या परिषदेत प्रश्न टाकला होता: देशात दहा लाख काळे लोक होऊ द्यायचे, की त्यांना गोऱ्यांत मिसळून टाकून इथे मूलनिवासी कधी होते हेच विसरून जायचं? हे कुणा रडणाऱ्या म्हातारीचं कथन नाही, इतिवृत्त आहे.

कहाणी आणि फाइल शेजारी ठेवली की काय होतं, याचं सर्वांत चोख उदाहरण साउथ ऑस्ट्रेलियात घडलं. १९५७ चा नाताळ. कूरोंग भागातल्या नारिंजेरी कुटुंबातलं तेरा महिन्यांचं मूल, ब्रूस ट्रेव्हॉरो, पोटाच्या दुखण्याने आजारी पडलं. शेजाऱ्यांनी त्याला ॲडलेडच्या मुलांच्या रुग्णालयात पोहोचवलं. मूल बरं झालं आणि दोनेक आठवड्यांत, आईबापांना न कळवता, वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून आलेल्या एका गोऱ्या बाईच्या घरी सांभाळायला दिलं गेलं. पुढे जुलै १९५८ मध्ये आई थोरा यांनी संरक्षण मंडळाला पत्र लिहून विचारलं की बाळ कसं आहे आणि घरी कधी आणता येईल. ऑगस्टमध्ये उत्तर आलं: प्रगती चांगली आहे, पण डॉक्टरांना तो अजून घरी पाठवण्याजोगा वाटत नाही. तेव्हा मूल रुग्णालयातून बाहेर पडून सात महिने झाले होते.

ही दोन पत्रं टिकली म्हणून ब्रूस यांनी पुढे शासनावर भरलेला खटला टिकला. आणखी एक कागद टिकला. त्याच १९५८ साली मंडळाच्या सचिवाने खाजगी म्हणून लिहिलेल्या एका पत्रात स्पष्ट म्हटलं होतं की काही वर्षांपासून कायदेशीर अधिकार नसतानाही मंडळ अनेक मूलनिवासी मुलं ताब्यात घेत आलं आहे. ब्रूस ट्रेव्हॉरो यांनी आपली कहाणी कितीही तपशिलाने सांगितली असती तरी हे वाक्य त्यांना सांगता आलं नसतं. ते त्यांना माहीतच नव्हतं. १ ऑगस्ट २००७ रोजी साउथ ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयात न्या. थॉमस ग्रे यांनी त्यांना ५,२५,००० डॉलर भरपाई मंजूर केली. त्यातले ७५,००० डॉलर शासनाला अद्दल म्हणून होते. आईबापांनी मुलाची हेळसांड केली हा बचाव न्यायालयाने स्वीकारला नाही. त्या निकालातला सर्वांत उपयोगी भाग भरपाईचा नाही, तुलनेचा आहे. ब्रूस यांची भावंडं त्याच गरिबीत, त्याच आईबापांकडे वाढली होती. नैराश्य आणि व्यसनाने पोखरलेलं ब्रूस यांचं आयुष्य आणि त्या भावंडांचं आयुष्य न्यायालयाने शेजारी ठेवून पाहिलं. ‘मुलं तिथेच राहिली असती तर काय झालं असतं?’ असा प्रश्न शंकेखोर नेहमी विजयी चेहऱ्याने विचारतात. इथे त्याचं उत्तर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं होतं. ट्रेव्हॉरो वर्षभरातच, जून २००८ मध्ये वारले.

पण उलटं उदाहरणही आहे, आणि पहिल्या फळीला ते आवडत नाही. नॉर्दर्न टेरिटरीच्या लॉर्ना क्युबिलो आणि पीटर गनर यांचा दावा फेडरल कोर्टात न्या. ओलॉफलिन यांनी २००० साली फेटाळला. गनर यांच्या बाबतीत त्यांच्या आईच्या नावे अंगठा उठवलेला एक संमतीचा फॉर्म कागदपत्रांत निघाला. तो अंगठा तिचाच होता का, फॉर्म इंग्रजीत, तिला त्यातलं काय कळलं, हे सांगायला कोणी उरलं नव्हतं. संबंधित अधिकारी बहुतेक मेले होते. सरसकट मुलं उचलण्याचं धोरण होतं हे या पुराव्यावरून सिद्ध होत नाही, असं न्यायाधीशांनी म्हटलं. निकाल प्रामाणिकपणे वाचला तर त्यात या दोघांनी सोसलं नाही असं कुठेही नाही. पन्नास वर्षांनी दिवाणी दावा लावला की पुराव्याचं ओझं कोणावर पडतं आणि पुरावा कोणाच्या कपाटात असतो, एवढंच तो दाखवतो. म्हणूनच अहवालाच्या ५४ शिफारशींत नोंदी नष्ट करू नयेत आणि माणसांना स्वतःची फाइल पाहायला मिळावी यांवर इतका भर आहे. अंगठ्याचा मुद्दा आपल्याकडच्या वाचकाला तरी समजावून सांगायला नको. सावकाराच्या कागदावरचा अंगठा म्हणजे संमती, असं आपण कधी मानलं?

गाजलेल्या कहाण्या जास्त जपून वाचाव्या लागतात. १९३१ साली वेस्टर्न ऑस्ट्रेलियात जिगालाँगहून मूर रिव्हर वसाहतीत नेलेल्या तीन मुली सशांसाठी घातलेल्या कुंपणाच्या आधाराने सुमारे १,६०० किलोमीटर चालत परत निघाल्या. दोघी घरी पोहोचल्या, तिसरी वाटेत पकडली गेली. ‘रॅबिट-प्रूफ फेन्स’ या चित्रपटात या मुलींना आईच्या मिठीतून ओरबाडून मोटारीत कोंबलेलं दाखवलं आहे. मूळ पुस्तकात अशी झटापट नाही. पोलीस आला, मुलींना न्यायला आलोय म्हणाला, मुली मुकाट घोड्यावर बसल्या आणि मागे वस्तीने आक्रोश केला. टीकाकारांनी हा फरक पकडला आणि ‘बघा, सक्ती नव्हतीच’ असा निष्कर्ष काढला. फरक त्यांनी बरोबर पकडला, निष्कर्ष चुकीचा काढला. कायद्याने पालक मुख्य संरक्षक नेव्हिल होते, आई नव्हती. पोलिसाशी झोंबून काय मिळणार, हे त्या वस्तीला पुरतं ठाऊक होतं. जिथे सक्ती पूर्ण असते तिथे झटापट लागत नाही.

आणि सहानुभूतीने वाचणाऱ्यांचं काय? त्यांना ती वाटचाल आठवते, कारण तिचा शेवट गोड आहे. त्या तिघींतल्याच मॉलीला १९४० मध्ये आजारपणात पर्थच्या रुग्णालयात नेलं आणि तिथून तिच्या दोन मुलींसह पुन्हा मूर रिव्हरला धाडलं. ती दुसऱ्यांदा चालत निघाली, दीड वर्षाची धाकटी कडेवर घेऊन. थोरली मागे ठेवावी लागली. थोरलीची आणि आईची भेट झाली ती एकवीस वर्षांनी. धाकटीलाही काही वर्षांनी नेलं आणि मॉलीला ती पुन्हा कधीच दिसली नाही. पळून घरी येण्याने काहीही संपत नव्हतं, ही त्या कहाणीतली खरी माहिती. अर्ध्यात पुस्तक मिटणाऱ्याला ती मिळत नाही.

‘हेतू चांगला होता, त्या काळच्या मापाने मोजा’ हा आक्षेप मला सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत दुबळा वाटतो. हेतू काहींचा खरंच चांगला होता. आजारी मुलं वाचली, काहींना शिक्षण मिळालं, काही आयांनी गोऱ्या बापाच्या मुलाला धोका आहे म्हणून स्वतःहून मिशनकडे सोपवलं. साक्षींमध्येही हे आहे आणि ते गाळता कामा नये. पण त्या काळचं माप कोणाकडून घ्यायचं? वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचे फिरते संरक्षक जेम्स आयझडेल यांनी १९०९ मध्ये लिहिलं की आईचं तात्पुरतं दुःख कितीही अनावर असलं तरी मूल वेगळं करायला ते क्षणभरही कचरणार नाहीत. या बायका आपली पोरं लवकर विसरतात. हे एक माप. जानेवारी १९१५ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या विधानसभेत त्या दुरुस्तीवर बोलताना मॅकगॅरी नावाचे सदस्य म्हणाले की हा कायदा मंडळाला आईबापांपासून मूल चोरण्याची मुभा देतो. हेही त्या काळचंच माप. डिसेंबर १९४९ मध्ये टेड इव्हान्स या गस्ती अधिकाऱ्याने नॉर्दर्न टेरिटरीतल्या वेव्ह हिलहून विमानाने मुलं नेतानाचा अहवाल पाठवला आणि असली विदारक दृश्यं पुन्हा कधी पाहायला लागू नयेत असं नोंदवलं. म्हणजे ‘चोरी’ हा शब्द पुढच्या काळातल्या कार्यकर्त्यांनी मागे नेऊन चिकटवलेला नाही. तो १९१५ च्या विधानसभेच्या कामकाजात आहे. काळाला दोष देणारे लोक त्या काळातला विरोध मात्र वाचायला तयार नसतात.

‘दुर्लक्षित मूल’ या शेऱ्याचीही झडती घ्यायला हवी. १९१२ मध्ये ऑस्ट्रेलियाने प्रसूत झालेल्या आईला ५ पौंड भत्ता सुरू केला. मूलनिवासी आयांना कायद्यानेच वगळलं. शिधा मंडळाच्या हातात, वस्तीत राहू द्यायचं की नाही हेही मंडळाच्या हातात. गावातल्या गोऱ्या पालकांनी तक्रार केली की मूलनिवासी मुलांना सरकारी शाळेतून काढून टाकत. भत्ता नाही, शाळा नाही, घर मंडळाच्या मर्जीवर; आणि मग तेच मंडळ येऊन लिहिणार, मूल दुर्लक्षित आहे. शेरा खोटा होता असंही म्हणता येत नाही. भूक खरी होती, फक्त ती कुणी घडवली याचा रकाना त्या नोंदवहीत नव्हता.

गोऱ्या मुलांचंही असंच झालं, हा मुद्दाही वारंवार येतो, आणि तो खरा आहे. अनाथालयांत आणि संस्थांत वाढलेल्या सुमारे पाच लाख मुलांची माफी ऑस्ट्रेलियाने १६ नोव्हेंबर २००९ रोजी मागितली. त्यांत ब्रिटनहून जहाजाने पाठवलेली मुलंही होती. अविवाहित आयांकडून सक्तीने दत्तक काढून घेतलेल्या मुलांसाठी २१ मार्च २०१३ ला वेगळी माफी मागावी लागली. गरीब आणि एकट्या बाईच्या मुलावर राज्याचा डोळा सगळीकडेच होता. पण गोऱ्या मुलाच्या जन्मासरशी त्याचं पालकत्व एखाद्या अधिकाऱ्याकडे जात नव्हतं, आणि गोरेपण नाहीसं करणं हे कुठल्याही परिषदेचं उद्दिष्ट नव्हतं. दोन अन्यायांत साम्य आहे म्हणून दुसरा पुसला जात नाही.

असा प्रकार इतरत्रही घडला. स्वित्झर्लंडमध्ये ‘प्रो युवेंटूटे’ या प्रतिष्ठित बालकल्याण संस्थेने १९२६ ते १९७३ या काळात भटक्या येनिश कुटुंबांतली सुमारे ६०० मुलं काढून घेतली. उद्देश उघड होता: भटकेपण संपवायचं. १९७२ मध्ये एका नियतकालिकाने ते उघडकीला आणलं, १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष आल्फोन्स एगली यांनी माफी मागितली, आणि मग खरी लढाई झाली ती संस्थेच्या फायलींवरून: त्या कोणाच्या, कोण वाचणार. आपल्याकडे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात १८९७ साली दुरुस्ती झाली. चार ते अठरा वर्षांच्या मुलांना ‘न सुधारणाऱ्या’ आईबापांपासून काढून सुधारगृहात ठेवण्याची सोय तिने केली. सोलापूरची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट याच कायद्याच्या पुढच्या आवृत्तीची. अय्यंगार समितीने १९४९-५० मध्ये कायदा तपासला, ३१ ऑगस्ट १९५२ ला तो गेला. पण त्या मुलांना समोर बसवून त्यांचे अनुभव नोंदवणारा आयोग बसला नाही. जे काही हाती आहे ते भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांतून. आणि ती आत्मकथनं आली तेव्हा मराठीतही हेच दोन सूर लागले होते: एक, ‘अतिरंजित आहे’, दुसरा, ‘अंगावर काटा आला हो’. कलेक्टर कचेरीच्या दप्तरात डोकावायचे कष्ट दोघांनीही क्वचितच घेतले. ऑस्ट्रेलियाने निदान ते काम केलं. तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने अहवालानंतर सुमारे ३४० मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या, आणि त्यांत मुलं नेणारे पोलीस आणि मिशनरी यांचेही आवाज आहेत. माझ्या मते त्या प्रकल्पाचं सर्वांत मोठं शहाणपण हेच.

सिडनी-मेलबर्नला वाढणारी मराठी घरांतली मुलंही आता दहावीच्या इतिहासात हा अहवाल आणि १३ फेब्रुवारी २००८ ची तत्कालीन पंतप्रधान केव्हिन रड यांनी मागितलेली माफी अभ्यासतात. ‘आपला काय संबंध, आपण नंतर आलो’ हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. अपराधाशी संबंध नाहीच. पण करदाता म्हणून, मतदार म्हणून, शिक्षक किंवा परिचारिका म्हणून आज चाललेल्या एका गोष्टीशी आहे. ऑस्ट्रेलियात घराबाहेर, सरकारी देखरेखीखाली वाढणाऱ्या मुलांमध्ये मूलनिवासी मुलांचं प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक आहे. देशातल्या एकूण मुलांत ते सहा टक्क्यांच्या आसपास. यावर पुन्हा तेच दोन सूर: ‘चोरी अजून चालूच आहे’ आणि ‘मारहाण होत असलेलं मूल तिथेच ठेवायचं का?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर उघड आहे. नाही, ठेवायचं नाही. मूल धोक्यात असेल तर ते हलवावंच लागतं आणि आज त्यासाठी न्यायालय आहे, वकील आहे. पण हलवून कुठे ठेवायचं, यासाठी १९८० च्या दशकापासून एक तत्त्व ठरलेलं आहे: आधी नातेवाईक, मग त्याच समाजातलं घर, मग दुसरं मूलनिवासी घर, आणि यांतलं काहीच जमलं नाही तरच बाहेर. तेव्हा आजच्या एखाद्या प्रकरणावर मत बनवण्याआधी आईच्या दारूबद्दलचा परिच्छेद किंवा आजीच्या अश्रूंचा फोटो पाहून भागत नाही. कोणत्या नातेवाइकाला, कोणत्या तारखेला, कोणी विचारलं आणि त्याने काय उत्तर दिलं, हे फाइलीत लिहिलेलं असतं किंवा नसतं. ते आधी पाहायचं.